सांडायची रीत

मी भिकाऱ्यांना काही देत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणालच की बाई मुळातच तशी. तर हो, मुळातच तशी. कुणी हात पसरला की मी तो हात बघते, मग दुसरा बघते, दोन्ही शाबूत असले की 'काम कर बाबा' म्हणते आणि चालू लागते. आमच्या गल्लीत दर शनिवारी शनीचं तेल मागणारा येतो. आमचं दार आलं की तो पावलं भराभर उचलतो.

वन्सं याच्या अगदी उलट. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, कुंदाताई. वय एकाहत्तर. त्यांच्याकडे सुट्ट्या नाण्यांचा एक बटवा असतो, आणि कुणी केविलवाणं दिसलं की त्यांचा हात आधी बटव्यात जातो, डोळे मागून भरतात. समोरच्याने मागितलंय का, हे बघण्याइतका वेळ त्यांना नसतो.

तर अशा आम्ही दोघी सांगलीकडून कोकणात निघालो. वन्संनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता आणि हरिहरेश्वरचं दर्शन राहिलं होतं. आमचे हे म्हशीचं निमित्त सांगून घरी राहिले. म्हशीने काही हरकत घेतली नसती, पण असो.

माझ्या नोकरीबद्दलही एक वाक्य सांगावं लागेल. तीस वर्षं मी दूध संघाच्या संकलन केंद्रावर होते. कॅन मोजून घ्यायचे, फॅट बघायची, आणि कुणी थेंब सांडला की ओरडायचं. त्यामुळे जिथे म्हणून काही सांडतंय, गळतंय, ओघळतंय, तिथे माझा हात आपोआप पुढे जातो. पाहुण्यांकडे गेले तरी मी त्यांचा नळ घट्ट बंद करून येते.

मुरुडच्या आसपास

तळा गावच्या स्टँडवर आमच्या गाडीचा कंडक्टर खिडकीखाली येऊन हात वर करून "सुट्टे, सुट्टे द्या" म्हणत होता. वन्संनी त्याच्या हातावर दोन रुपये ठेवले आणि म्हणाल्या, "देव तुझं भलं करो." त्याने दोन रुपयांकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि नाणं खिशात टाकलं. पुढे उतरेपर्यंत तो आमच्याशी फार अदबीने वागला.

आम्ही उतरलो त्या कोळीवाड्याचं नाव मी लिहिणार नाही. मुरुडपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तुम्ही बघायला जाल, आणि बघायला जाणं हाच तिथला मोठा गुन्हा आहे. तो मी करून आले आहे, आता दुसऱ्याची गरज नाही.

भारती नावाच्या कोळणीने घराच्या माडीवर दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, तिथे आमचा मुक्काम. चाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई. नवऱ्याची होडी आहे. ही सकाळी होडीवरून मासळी उतरवते, दुपारी पाहुण्यांचं जेवण करते, आणि मधल्या वेळात फोनवर कुणाशी तरी भांडते.

संध्याकाळी तिने समुद्र दाखवला. वन्संनी हात जोडले आणि बटव्यातून एक रुपया काढून पाण्यात टाकला.

"वन्सं, त्यालाही?" मी म्हटलं.

"असू दे गं सुमन. केवढा एकटा आहे."

जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण, कोकमाने आंबट केलेलं, आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडची ज्वारीची भाकरी मोडली की कट्कन आवाज येतो. ही पांढरी, मऊ, घडी केली तरी तक्रार करत नाही. मी चार खाल्ल्या. वन्सं शाकाहारी, त्यांच्यासाठी भारतीने बटाट्याचं कालवण केलं होतं. वन्सं म्हणाल्या, छान झालंय, फक्त बटाट्याला बोंबलाचा वास येतोय. भारती म्हणाली, "मावशी, हितं पान्याला पन येतो."

जेवताना वन्संनी आपल्या कामाची चौकशी केली. "अगं, इथे भिकारी कुठे बसतात?"

"हितं? हितं कोन न्हाय मागत. मागनारे हरेश्वरला बसतात, देवलाच्या वाटेला."

"एकही नाही?" मी विचारलं.

"आमच्या कोळीवाड्यात? छ्या."

मला गाव फार आवडलं. म्हटलं, याला म्हणतात कष्टाची माणसं. वन्संचा चेहरा मात्र पडला. त्यांनी येताना बँकेतून मुद्दाम नाणी आणली होती.

धक्का

सकाळी भरतीच्या पाण्याबरोबर होड्या धक्क्याला लागल्या. आम्ही बघायला गेलो. पुरुष होडीतून टोपल्या भरून वर देत होते आणि बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, अशा पायऱ्या चढून टेम्पोपर्यंत जात होत्या. टोपल्या आता प्लास्टिकच्या असतात, पण मान तीच लागते. एकीचाही हात टोपलीला नव्हता. चालता चालता बोलत होत्या, एक तर शिंकली. टोपली जागची हलली नाही.

आणि तरीही मासळी सांडत होती.

पायऱ्या संपून धक्का वळतो तिथे दोर बांधायचा एक लोखंडी खुंटा आहे. खुंट्याशेजारी एक म्हातारी कापडी पिशवी मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसली होती. बाई त्या वळणावर आली की टोपली थोडी कलंडायची आणि दोन बोंबील, मूठभर मांदेली खाली पडायची. बाई तशीच पुढे. मागची आली, तिचंही तेच. मी मोजलं नाही, पण सगळ्या त्याच जागी. फरशी बघितली, फरशी धड होती.

मी काय समजले असेन? मी समजले, टोपल्या काठोकाठ भरतात आणि वळताना सांडतं. आमच्या केंद्रावर एक वळण असंच होतं, ते मी अर्ज करकरून सरळ करून घेतलं होतं.

"अहो ताई, सांडलं तुमचं!" मी ओरडले. ती ऐकू न आल्यासारखी गेली. मग मी पदर खोचला आणि खाली पडलेले बोंबील गोळा करून पुढच्या बाईच्या टोपलीत टाकले. बोंबील हातात धरणं सोपं नाही, ओल्या साबणासारखे निसटतात. मी तरी धरले.

"ऱ्हाऊ द्या मावशी," ती बाई हळूच म्हणाली.

"राहू द्या काय? कष्टाचं आहे ते."

पुढची आली, तिने सांडलं, मी उचललं. त्यानंतरचीने सांडलं, तेही उचललं. कुणीच काही बोलेना. मला वाटलं, बायका लाजल्या. तेवढ्यात माझं लक्ष म्हातारीकडे गेलं. तिने वाकून एक बोंबील उचलला होता आणि तो पिशवीच्या तोंडाशी होता.

मी अगदी गोड आवाजात म्हटलं. तो गोड आवाज मला आजही ऐकू येतो. "आजी, तुम्ही कशाला त्रास घेता? द्या इकडे. लोकांची मासळी आहे, लोकांच्या टोपलीत टाकू."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, काहीच नव्हतं. तिने तो बोंबील माझ्या हातात दिला, उठली, पिशवी झटकली, तिची नीट चौकोनी घडी केली, घडी काखेत धरली आणि वस्तीकडे चालायला लागली.

मी तो बोंबील टोपलीत टाकला. वरून भारतीला सल्लाही दिला, की टोपल्या चार बोटं कमी भरा.

खुंट्यापाशी कोण बसतं

दुपारी भारतीने ताट ठेवलं ते आपटूनच. भाकऱ्या दोन. मी तिसरी मागितली तर म्हणाली, "संपल्या." टोपल्यात दिसत होत्या.

मला राग आला. मी रागावले की सरळ विचारते. "काय गं, काही चुकलं का आमचं?"

ती भांडी घासत राहिली. मग पाणी बंद करून माझ्याकडे वळली. "मावशी, आमी हे बोलत न्हाय. आमच्या घरात पन बोलत न्हाय. तुमाला सांगायला लागतं म्हनून सांगते."

म्हातारीचं नाव नागूबाय. (हे तिचं खरं नाव नाही.) एके काळी तिच्या दोन होड्या होत्या. पावसाळ्याआधी अडलेल्या माणसाला ती तांदूळ द्यायची, परत आले तर आले. नवरा वारला, होड्या विकल्या, मुलगा पनवेलला असतो. "शिमग्याला येतो, तोंड दाखवतो, जातो. ती कोनाकडं हात पसरनार? ज्यांना तिनं दिलं त्यांच्याकडं?"

म्हणून ती सकाळी धक्क्यावर बसते. समुद्र बघायला. आणि तिथे बायकांची मासळी सांडते. खाली पडलेलं ज्याने उचललं त्याचं, असा धक्क्याचा जुना रिवाज. कुणी दिलं नाही, कुणी मागितलं नाही. त्यातलं थोडं ती कालवणाला ठेवते, उरलेलं सुकवून बाजारात विकते, त्यावर तिचं तेल, मीठ, चहा.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम सांडता?"

"मावशी!" भारती जवळजवळ ओरडली. "सांडतं. वलनावर सांडतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठी उलटलेली बाई मी, आणि एका म्हातारीच्या तोंडचा घास काढून तिच्याच हाताने लोकांच्या टोपलीत टाकायला लावला. तेही चारचौघांत. तेही 'लोकांची मासळी' म्हणून.

"मग आता?" वन्संनी विचारलं.

"आता काय? आता ती येनार न्हाय. आली तर घ्यायलाच आली, असं सगल्यांसमोर उघडं व्हईल. चुलीवर भात असंल तिच्या. त्याच्यावर काय घेईल, ते मना नका इचारू."

वन्संनी डोळे पुसले आणि बटवा उचलला. "मी बघते," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द ऐकून मी त्यांना अडवायला हवं होतं. पण चूक माझी होती, माझी जीभ उचलली नाही.

नागूबायचं घर गल्लीच्या टोकाला. अंगण इतकं झाडलेलं की आत पाऊल टाकायला भीती वाटावी. आत भिंतीवर हार घातलेले तीन फोटो. दोन होड्यांचे, एक नवऱ्याचा. होड्यांचे मोठे होते.

"बसा," ती म्हणाली. सकाळचं काही झालंच नाही, असा चेहरा. चहा टाकला. बिनदुधाचा, लवंग घातलेला. तिच्या डब्यात तळाशी उरलेली साखर खडखडत होती, ती सगळी आमच्या कपांत गेली हे मला आवाजावरून कळलं. तो चहा मी प्यायले. तीस वर्षं या दूधवालीने बिनदुधाचा चहा प्यायला नव्हता, पण हा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

मी म्हटलं, "आजी, सकाळी माझं चुकलं."

"काय चुकलं? लोकांची मासली लोकांना दिलीस. बरोबर केलंस."

मला वाटतं, शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्या पाया पडले असते. तिने तीही सोय ठेवली नाही.

निघताना वन्संनी शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या.

"कशाचे?" नागूबायने विचारलं.

"असेच."

"असेच कोन देतं?"

आयुष्यभर वन्संनी 'असेच'च दिले होते, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "राहू द्या, औषधाला होतील," त्या म्हणाल्या.

"मी आजारी न्हाय," नागूबाय म्हणाली आणि दारापर्यंत सोडायला आली. "या परत."

भारतीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "एक तिला चोर करून आयली, दुसरी भिकारी करून आयली. कोन गो तुमी बायका!"

आणि खरं सांगते, तिच्या घरातल्या पाहुण्या म्हणून आम्ही पैसे भरले होते तरी त्याक्षणी आम्हाला तिचं बरोबरच वाटलं.

हरेश्वर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीच्या खिडकीतूनच धक्का पाहिला. खुंट्याशेजारी कुणी नव्हतं. बायका तरीही वळणावर सांडत होत्या, न जाणो ती आली तर. मांजरांनी खाल्लं. गावात एवढी मांजरं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

हरिहरेश्वरची गाडी आधीच ठरवलेली होती, म्हणून गेलो. आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. वन्संना वाटलं, आता गाडीतून उतरून ढकलायला लागेल. खाडी ओलांडून दिघी, मग श्रीवर्धन, मग हरेश्वर. वाटेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सुपारीच्या बागा. कुणी दुसरं लिहिणारं असतं तर यावर दोन पानं लिहिली असती. मी सगळा रस्ता नागूबायने भातावर काय घेतलं असेल याचा विचार करत होते.

देवळाच्या वाटेवर मात्र सगळं ओळखीचं होतं. ओळीने बसलेली माणसं, पुढे फडकी, फडक्यांवर नाणी. वन्संना इतक्या दिवसांनी माहेरी आल्यासारखं झालं. त्या एका टोकापासून सुरू झाल्या. माझा गुडघा भरून आला होता, म्हणून मी जवळच्या कट्ट्यावर बसले.

एक कुटुंब आलं. नवरा-बायको, चांगले कपडे, हातात केळ्यांची फणी. नवऱ्याने एका म्हाताऱ्याला केळं दिलं. बायकोने फोनवर फोटो काढला, बघितला आणि म्हणाली, "हललाय." नवऱ्याने केळं परत घेतलं आणि पुन्हा दिलं. "आता त्यांचे डोळे मिटले." पुन्हा घेतलं. पुन्हा दिलं. चौथ्या वेळी म्हातारा स्वतःच म्हणाला, "साहेब, मी उन्हाकडं तोंड करू का?" त्याने केलं, फोटो चांगला आला, सगळ्यांचं समाधान झालं. म्हाताऱ्याने केळं फडक्याखाली ठेवलं आणि डोकं खाजवत पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघू लागला.

वन्सं तिथेच उभ्या होत्या, नाणं बोटांत धरून. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "सुमन, मीसुद्धा असंच करते का गं?"

"तुमच्याकडे फोन साधा आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता. मग त्या ओळीपाशी परत गेल्या, पण या वेळी कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता, जाता-जाता नाणी ठेवत गेल्या, आणि आशीर्वाद घ्यायला थांबल्या नाहीत. 'देव तुझं भलं करो'ही म्हणाल्या नाहीत. शेवटच्या माणसाने हाक मारून सांगितलं, "आजी, पैसे पडले तुमचे." वन्सं ऐकू न आल्यासारख्या पुढे गेल्या.

दर्शन छान झालं. प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांतून खाली उतरतो तिथे लाट एवढ्या जवळ येते की सगळे देव एकदम आठवतात. मी एकच गोष्ट मागितली. काय ते सांगायला नको.

परतीच्या वाटेवर मी वन्संना म्हटलं, उद्या दुपारी आपली गाडी आहे. त्याआधी ती बाई धक्क्यावर आली पाहिजे. नाहीतर मी घरी जाऊन जेवू शकणार नाही.

"आपण पुन्हा जाऊन माफी मागू."

"नको. आपण तिच्याकडे जितक्या वेळा जाऊ तितकी ती उपाशी राहील."

निघायच्या दिवशी

भारतीशी बोलले. म्हटलं, मला टोपली घेऊ दे. मीही वळणावर सांडते. माझ्यामुळे बिघडलंय, माझ्या हाताने नीट होऊ दे.

भारतीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मावशी, सांडायला लय वर्सं लागतात. तुमच्याच्यानं व्हनार न्हाय." मग तिचा चेहरा बदलला. "पन टोपली घ्या तुमी. सांडू नका, फक्त घ्या. तुमाला चुंबल बांधायला कोन शिकवनार? मना टाइम न्हाय. हितं डोक्यावरचं ओझं नागूबायसारखं कोनी न्हाय उचललं. मी निरोप धाडते, पाहुनी हट्टाला पेटली हाय, मान मोडून घेईल, येऊन जरा दाखव."

"येईल?"

"मागायला न्हाय येनार. कोनाला अक्कल शिकवायची असंल, तर मयतातून उठून येईल."

आली. सकाळी धक्क्यावर पोचलो तर ती आधीच उभी. पिशवी आणली नव्हती. दोन्ही हात रिकामे, आणि ते रिकामे असल्याचं सगळ्यांना दिसेल असे कमरेवर ठेवलेले. बसली नाही. खुंट्याकडे तिने पाठ केली होती.

"हिला हाय का हौस?" तिने भारतीला विचारलं. माझ्याशी बोललीच नाही. माझ्या डोक्यावरची चुंबळ उचलून फेकली, नवीन फडकं पिळून गोल केलं आणि डोक्यावर दाबलं, ते अगदी टाळूपर्यंत पोचलं. "मान ताठ. हनुवटी वर. खाली बघायचं न्हाय. पाय बघतील कुठं जायचं ते."

"पाय कसे बघतील?"

"तुझे न्हाय बघनार. पन तू चाल."

अर्धी टोपली मांदेली डोक्यावर ठेवली. वन्संनी देवाचं नाव घेतलं. माझ्या मागे भारती, तिच्या मागे तिची जाऊ, दोघींच्या टोपल्या भरलेल्या. मी पायऱ्या चढले. मला एकच भीती, सांडायचं नाही. तीस वर्षं सांडू दिलं नाही, आज सांडलं तर लाज. डोळे समोर, हनुवटी वर, दोन्ही हातांनी टोपली गच्च धरलेली. नागूबाय बाजूने चालत होती आणि बोलत होती. "हात सोड. अगो, हात सोड! टोपली हाय का नवरा हाय?"

मी हात सोडला आणि वळणावर मी पडले.

सांडलं नाही, पडले. सोंग नव्हतं. पाय कशावर तरी सरकला आणि मी टोपलीसकट अशी आपटले की होडीतल्या पुरुषांनी काम थांबवलं. मांदेली माझ्या केसांत, ब्लाउजच्या पाठीत, चष्म्याच्या काडीत. एक जिवंत होती. वन्संनी किंकाळी फोडली. टेम्पोवाला धावत आला, मासळी घ्यायला आलेले व्यापारी धावत आले, दोन पर्यटक चहा टाकून आले. अख्खा धक्का माझ्याभोवती जमा झाला. कुणी हसू दाबत होतं, कुणी दाबत नव्हतं. दोघा-तिघांनी माझी सगळी मांदेली गोळा करून टोपलीत भरली, एकही सोडली नाही. मी त्यांना काही म्हणू शकले नाही.

गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मला रडूच आलं. दुखलं म्हणून नव्हे. म्हटलं, हेही घालवलंस सुमन. ती आली होती, आणि तू तमाशा केलास. आता गाडीत बसायचं, घरी जायचं, आणि इथे एक म्हातारी कोरडा भात खाणार.

मला खुंट्यावर बसवलं. गर्दी माझ्या गुडघ्याकडे बघत होती, हळद लावा, बर्फ लावा म्हणत होती. मला नागूबाय दिसेना. मी मान वळवून मागे बघणार तेवढ्यात भारती टोपली घेऊन माझ्याजवळून गेली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, समुद्राकडं बघा."

मी समुद्राकडे तोंड केलं. वन्संनीही केलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. पाणी चढत होतं, दोन होड्या अजून बाहेर उभ्या होत्या.

मागे फरशीवर काहीतरी ओलं पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एकदा. मग आणखी. मांजरांचा आवाज मात्र आला नाही.

आणि मग नागूबाय रागावून म्हणाली, "अगो, काय चाललंय? नीट चाला गो, सांडू नका!" तो आवाज खालून येत होता, वाकलेल्या माणसाचा येतो तसा.